काठाला काठ

१

दुकानातली कामाची वाटणी वडील होते तेव्हापासूनची. थोरल्यानं भरायचं, धाकट्यानं शिवायचं आणि आईनं हात फिरवायचा. खुर्च्या, सोफे, गाड्यांच्या सीटा, काहीही येवो, ही रीत कधी मोडली नाही. आईची नजर जाऊन सात वर्षं झाली होती, पण तिच्या बोटांनाच डोळे फुटलेत असं आजूबाजूचे दुकानदार म्हणायचे. तयार माल पुढ्यात ठेवला की ती शिवणीवरून बोट न्यायची, मग मधोमध टिचकी मारून कान द्यायची. भरण कमी पडलं असेल तर आवाज पोकळ येतो. तो तुम्हाआम्हाला कळायचा नाही, तिला कळायचा. शिवण बोटाला लागली नाही आणि आवाज भरीव आला, की ती दोनदा थोपटून म्हणायची, "भरली." मगच माल दुकानाबाहेर पडायचा.

भरणं म्हणजे काय, कोणीही करील, असं शिवणाऱ्यांना वाटतं. खोळ तीन बाजूंनी शिवून होते आणि चौथ्या बाजूला मूठभर तोंड उघडं ठेवतात. त्या तोंडातून हात कोपरापर्यंत घालायचा आणि न बघता, नुसतं चाचपून, चारी कोपऱ्यांत कापूस ठासायचा. एक कोपरा जरी उपाशी राहिला तरी गादी सहा महिन्यांत बसते. थोरल्याचा हात लांब आणि मनगटाला बारीक, त्या कामासाठीच घडवलेला. सुई मात्र त्याला कधी वश झाली नाही. वडिलांनी दोन वर्षं डोकेफोड केली आणि एक दिवस सुई धाकट्याकडे दिली. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि ती गोष्ट तो चाळिशीला आला तरी विसरला नव्हता.

त्या सोमवारी दाताच्या डॉक्टरांची खुर्ची आली होती. पांढरं रेक्झिन, नवं कव्हर. डॉक्टर स्वतः बघायला आले आणि सहज म्हणाले, की दोघं भाऊ शिवता का. धाकट्याची जीभ आधीच लांब. "दादाच्या हातात सुई देऊ नका डॉक्टर," तो म्हणाला, "वडिलांनी मला कला दिली आणि त्याला कापूस." डॉक्टर हसले. थोरलाही हसला. डॉक्टर गेल्यावर पाच-दहा मिनिटं तो फोमच कापत होता, आणि मग त्यानं शांतपणे सांगितलं की परक्या माणसापुढं असं बोलू नये.

धाकट्यानं मशीनवरून मानही वर केली नाही. "मग शिवून दाखव," तो म्हणाला.

थोरल्याचा हात चालला. हातात कटर आहे हे त्याला हात परत आल्यावर कळलं. धाकट्याच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, शर्टाला वीतभर तोंड पडलं होतं, आणि शर्टाच्या आतल्यालाही. पहिल्यांदा क्षणभर आत सगळं पांढरं दिसलं. मग लाल झालं आणि ते थांबेचना.

२

वरच्या खोलीतून आईनं विचारलं, काय पडलं रे. थोरल्यानं सांगितलं, खुर्ची कलंडली. तोवर त्यानं शटर खाली ओढलं होतं आणि धाकट्याला कापायच्या टेबलावर आडवं करून कापसाचा अख्खा गठ्ठा त्याच्या कुशीवर दाबला होता. त्याचे दात कडाकड वाजत होते. घाव त्याला नव्हता, पण वाजत होते त्याचेच.

दवाखान्यात न्यावं, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण दवाखान्यात विचारतात, लिहून घेतात, पोलिसांना कळवतात. आणि पोलिसांचं एक वेळ सोसलं असतं. वर बसलेल्या बाईला कोण सांगणार, की तुझ्या एका हातानं तुझा दुसरा हात कापला? तिला आता या दोघांशिवाय जगात काही दिसत नव्हतं, आणि हेही ती डोळ्यांनी बघत नव्हती.

"आईला नको कळू देऊ," धाकटाच म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तूही पोटात ठेव," थोरला म्हणाला.

"ठेवतो की. तू शिव, म्हणजे राहील आत."

असल्या वेळीही टोमणा. थोरल्यानं चहाच्या पातेल्यात वाकडी सुई आणि नायलॉनचा दोरा उकळला, हातावर स्पिरिट ओतलं आणि बसला. सुई दुसऱ्यांदा आत गेली तेव्हा धाकट्याची शुद्ध हरपली, ते बरंच झालं. तीस वर्षांपूर्वी वडिलांनी मारून मारून शिकवलेलं जेवढं आठवलं तेवढं त्यानं केलं. कापडाचा कच्चा काठ कधी बाहेर ठेवायचा नाही. काठ आत दुमडायचा आणि दुमडीवरून टाका घ्यायचा, म्हणजे दोरे सुटत नाहीत. त्यानं दोन्ही काठ नीट आत दुमडले आणि बावीस टाके घातले. रक्त थांबलं. शिवण सरळ आली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याची शिवण सरळ आली होती, आणि लाज वाटण्याआधी त्याला क्षणभर बरं वाटलं.

फरशी पुसताना त्यानं कटर उचललं. पात्याचे, रेघांवर मोडतात ते, पुढचे दोन खण नव्हते. आता कटरचं पातं काय, रोजच तुटतं, ते तुटण्यासाठीच असतं. सकाळी पातं केवढं होतं ते त्यानं आठवून पाहिलं. जमिनीवर सांडलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, गोळा करायचं मोठं लोहचुंबक त्यानं सगळ्या फरशीवर फिरवलं, टेबलाखाली, मशीनखाली. चुका निघाल्या, सुया निघाल्या, एक जुनी कात्री निघाली. दोन खण मिळाले नाहीत.

३

समोरच्या औषधाच्या दुकानात एक म्हातारे कंपाउंडर बसायचे. तीस वर्षं त्यांनी मोठ्या इस्पितळात मलमपट्टीच केली होती. थोरल्यानं त्यांना पत्रा लागल्याचं सांगून गोळ्या आणल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ते न बोलावता आले आणि म्हणाले, दाखवा बघू.

पट्टी त्यांनी स्वतः सोडली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी पत्र्याविषयी अक्षर विचारलं नाही. म्हातारा माणूस, जग बघितलेला. फक्त म्हणाले, "शिवलं कोणी?"

 धाकट्यानं थोरल्याकडे बोट केलं.

"काठ आत दुमडलेत तुम्ही," कंपाउंडर म्हणाले. "हे कापड नाही हो." आणि मग शाळामास्तरासारखं त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आधी रक्त गोठतं, खपली धरते. मग सूज येते, आत झाडलोट सुरू होते, म्हणून जागा गरम लागते. मग तळातून लाल दाणेदार मांस वर येतं. आणि सगळ्यात शेवटी कातडी निघते. दोन्ही काठांवरून ती त्या ओल्या मांसावरून चालत येते, रोज केसाएवढी.

"कातडीला डोळे नसतात," ते म्हणाले. "काठाला काठ लागला एवढंच तिला कळतं. लागला की ती थांबते. त्यालाच आपण जखम भरली म्हणतो. तुम्ही दोन्ही काठांची तोंडं आत वळवून ठेवलीत. आता ती आत चालायला लागणार."

"आणि आत काठ भेटला नाही तर?" थोरल्यानं विचारलं.

"तर चालत राहणार," कंपाउंडर म्हणाले, आणि पट्टी बांधू लागले. टाके उसवून दवाखान्यात परत शिवून घ्या, एक एक्स-रेचा फोटोही काढून घ्या, असं त्यांनी जाताना दोनदा बजावलं. दाराशी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आपलेच दात आणि आपलेच ओठ, होतं असं, पण उशीर करू नका. थोरल्यानं मान हलवली. करायचा होता तो उशीर त्यानं केलाच.

४

खरं सांगायचं तर काळजीसारखं काही दिसतही नव्हतं. ताप नाही, पू नाही, वास नाही. चौथ्या दिवशी धाकटा मशीनवर बसला, सहाव्या दिवशी शिट्टी वाजवू लागला. भूक अशी, की दोन माणसांचं एकटा जेवायचा आणि पुन्हा ताट पुढं करायचा. आई खूश होती. थोरला मनाशी म्हणाला, कंपाउंडर आता म्हातारे झालेत.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी धाकटा आईच्या हाताखाली डोकं द्यायचा आणि ती डोक्यापासून पाठीपर्यंत हात फिरवायची. लहानपणापासूनची सवय ती. आता थोरला मध्ये पडायचा, त्याला कणकण आहे, त्याला घाम आलाय, काही ना काही सांगून तिचा हात खांद्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आईनं दोन दिवस ऐकून घेतलं, मग खांद्यावरच टिचकी मारून कान देऊ लागली.

आठव्या दिवशी दुपारी थोरला मागच्या खोलीत भरण पिंजत होता. मशीन थांबलं आणि बारीक आवाज आला. कट्. कटरचा खण मोडताना येतो तसा. तो बाहेर आला तर धाकटा हात मांडीवर ठेवून बसला होता, जवळपास कटर नव्हतं. कसला आवाज, म्हणून विचारलं तर म्हणाला, मशीनची सुई असेल. सुई शाबूत होती.

दहाव्या दिवशी थोरल्यानं टाके काढले. एकेक दोरा कापून ओढला, रक्ताचा थेंब नाही. बावीसच्या बावीस निघाले तरी शिवण मिटलेली राहिली, एखाद्या कव्हरची चेन झाकणारी पट्टी असते तशी. त्यानं दोन बोटांनी ती हलकेच फाकवली. आत लाल काही नव्हतं. कातडी होती. कोरडी, निकोप, धाकट्याच्या रंगाची, वर बारीक लव असलेली कातडी, आत, आणखी आत, अंधारापर्यंत गेलेली.

"अस्तर लागलंय," धाकटा म्हणाला. त्याला गंमत वाटत होती. "तूच लावलंस की."

थोरल्यानं बोटाचं एक पेर आत घातलं. ऊब होती. तळ लागला नाही. त्यानं बोट बाहेर काढलं आणि मोरीत जाऊन हात तीनदा धुतला.

५

आता थोरल्याची बुद्धी काय म्हणत होती तेही सांगितलं पाहिजे, कारण तो काही खुळा नव्हता. तो म्हणत होता, वरची कातडी आत थोडी वाकली असणार, बाकी आपल्या मनाचे खेळ. धाकट्यानं एकदा कुशीपाशी हात नेऊन खुणेचा खडू काढून दिला, तो शर्टाच्या खिशातूनच काढला असणार. संध्याकाळी धुवायला टाकताना थोरल्यानं तो शर्ट हातात धरून पाहिला. त्याला खिसा नव्हता. मग तो म्हणाला, शर्ट बदलला असणार.

पण लोहचुंबकाला मन नसतं. धाकटा दुपारी जेवून बाकड्यावर झोपला, की थोरला ते त्याच्या कुशीजवळ धरायचा. पहिल्या दिवशी शिवणीपाशी त्याला बारीकशी ओढ लागली, मासा गळाला नुसता शिवून जावा तेवढी. दोन दिवसांनी ती ओढ बरगड्यांवर लागली. पुढच्या दिवशी वीतभर वर. तेव्हा थोरल्याला कळलं की पातं आत आहे, आणि ते कातडीबरोबर चाललंय. कुठं चाललंय हेही कळलं. त्या रेषेत पुढं काय असतं ते सांगायला कंपाउंडर लागत नाही.

त्यानं पुन्हा चुंबक टेकवलं आणि धाकट्यानं डोळे उघडले.

"काय शोधतोस?"

"पातं आत आहे. चल दवाखान्यात."

"तूच म्हणालास पोटात ठेव." धाकटा हसला. "एकदा ठेवलं की ठेवलं."

थोरल्यानं त्याला दंडाला धरून ओढलं. धाकट्यानं झिडकारलं. मग दोघंही चाळिशीचे, पोटं सुटलेले भाऊ, तोंडातून शब्द न काढता एकमेकांवर तुटून पडले, कारण वर आई होती. थोरल्यानं त्याची मान टेबलाच्या कडेवर दाबली. धाकट्यानं हाताला लागलेला लाकडी ठोकळा त्याच्या गुडघ्यावर हाणला. फिरून आलेलं कोपर थोरल्याच्या तोंडावर बसलं आणि काहीतरी मोडल्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या डोक्यात झाला. तो खाली बसला. तोंडातून रक्त गळत होतं, पुढचा एक दात नव्हता. ज्याचा कोपरा लहानपणी धाकट्यानंच दगड मारून उडवला होता, तोच दात. दोघांनी रांगत रांगत सगळी फरशी शोधली. तो मिळाला नाही.

त्या दिवशी आईनं थोरल्याला वर बोलावलं. तिला मारामारीतलं काही कळलं होतं की नाही देव जाणे. ती म्हणाली, धाकट्याचा आवाज हल्ली पोकळ येतो.

"असा कसा येईल, आई?"

"मला विचारतोस? जन्म गेला माझा ऐकण्यात. याच्यात भरण कमी पडलंय." तिनं त्याचा हात चाचपून धरला. "तू थोरला आहेस. तू भर त्याला."

६

बुधवारी दुपारी डॉक्टरांच्या खुर्चीचा शेवटचा टाका राहिला होता. धाकटा तो घालायला वाकला आणि तसाच राहिला. मग खोकला. पांढऱ्या रेक्झिनवर रक्ताची एक बारीक, सरळ रेघ उमटली.

"दादा," तो म्हणाला. त्याचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. आवाजातली मस्करी पार गेली होती. "इथं टोचतंय." त्यानं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "दर ठोक्याला टोचतंय."

 त्या क्षणी थोरल्यानं सगळं सोडलं, पोलीस, लोक, सगळं. आईला मीच सांगतो, माझ्या हातून झालं म्हणून सांगतो, तू फक्त चल, असं तो म्हणाला, आणि तो हे मनापासून म्हणाला. त्यानं धाकट्याला उठवायला हात घातला. धाकट्याच्या तोंडातून असा आवाज निघाला की त्यानं हात काढून घेतला.

"हललो की आत जातं," धाकटा म्हणाला. "तुझा हात जाईल. जन्मभर तेच केलंस की."

थोरल्यानं शटर ओढलं. त्याला टेबलावर, जिथं पहिल्या दिवशी निजवलं होतं तिथंच, उजव्या कुशीवर निजवलं. उजव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत स्पिरिट ओतलं. शिवण फाकवली आणि बोटं जुळवून, खोळीत घालतात तसा, हात आत घातला.

मनगट गेलं. आत कोरडं होतं आणि ऊब होती. अर्धा हात गेला. धाकटा हूं की चूं करत नव्हता. कोपर गेलं तेव्हा थोरल्यानं गणित करायला घेतलं, की याची कमर किती आणि माझा हात किती, आणि ते गणित त्यानं सोडून दिलं. त्याचा गाल आता धाकट्याच्या बरगड्यांना टेकला होता. बोटांना खडू लागला. एक बटण लागलं. मग एक दात लागला, एका कोपऱ्याला तुटलेला. तो त्यानं सोडून दिला आणि हात पुढं सारला.

कोपरा लागला. शिवून उलटवलेल्या खोळीला असतो तसा, नीट टोकदार कोपरा. माणसाच्या अंगात कोपरे नसतात. त्याच्या हाताला मात्र ते सवयीचं होतं आणि डोकं काही म्हणायच्या आत हात दुसऱ्या कोपऱ्याकडे वळला. तो रिकामा होता. तिसराही रिकामा होता. चौथ्यात पातं होतं.

पात्याच्या पलीकडून कोणीतरी दार ठोठावावं तसे ठोके लागत होते. त्यानं दोन बोटांच्या चिमटीत पातं धरलं आणि ओढलं. ते सुटलं, वळलं आणि त्याच्या तळहातातून आडवं गेलं. कळ डोक्यापर्यंत गेली. पण पातं त्याच्या मुठीत होतं. "मिळालं," तो म्हणाला, "मिळालं रे." धाकट्यानं छाती भरून श्वास घेतला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग येताना थोरल्यानं बघितला. थोरल्याला रडू आलं.

मग तो हात काढायला गेला.

७

तळहात कुठंतरी चिकटला होता. कापलेल्या जागेवर काहीतरी सरकत होतं, हळूहळू, जेमतेम केसाएवढं. आधी या बाजूनं. मग त्या बाजूनं. ते दुखत नव्हतं. आता हे रोज केसाएवढं चालतं म्हणे, त्यानं मनाशी म्हटलं, म्हणजे वेळ आहे. पण आतली कातडी पंधरा दिवस चालत आली होती, आणि काठ भेटायची वाट बघून बघून तिला घाई झाली असावी.

त्यानं हिसका दिला. धाकटा किंचाळला आणि त्याचं अख्खं अंग टेबलावरून वीतभर उचललं गेलं. थोरल्यानं टेबलाला पाय लावून ओढलं. खांद्यात काहीतरी सुटलं, हात सुटला नाही. मनगटाची साल कुठंतरी निघाली असावी, कारण तिथंही ते सरकणं सुरू झालं. मग कोपरापाशी. त्यानं डाव्या हातानं कटर ओढून घेतलं, पातं पुढं सारलं आणि धाकट्याच्या कुशीवर, शिवणीच्या टोकापाशी, जोर लावून चालवलं. तोंड मोठं केलं की हात निघेल, एवढाच विचार. रक्त उडालं. धाकटा नुसता बघत राहिला.

ओरडला तो थोरला. कळ त्याला लागली होती. त्यानं कटर तसंच दाबून धरलं, दात आवळून पुन्हा चालवलं आणि पुन्हा तोच ओरडला. तिसऱ्यांदा चालवायला त्याचा हात उचलेना. बघता बघता त्या नव्या घावाचे काठ जवळ आले, लागले आणि मिटले.

जिन्यावर पावलं वाजली. आई भिंतीला हात धरून खाली आली. इतकी वर्षं ती एकटी कधी खाली उतरली नव्हती. दोघांनी श्वास रोखला. ती टेबलापाशी आली आणि तिनं हात पुढं केला, आणि या वेळी तो अडवायला थोरल्याचा हात मोकळा नव्हता.

तिची बोटं धाकट्याच्या डोक्यावर टेकली, मानेवरून खांद्यावर आली, बरगड्या मोजत कुशीपर्यंत आली. तिथं रक्त होतं. ते तिनं पाणी पुसावं तसं पुसून टाकलं. मग बोटं पुढं सरकली, थोरल्याच्या दंडावरून, खांद्यावरून, गळ्यावरून त्याच्या गालापर्यंत, आणि त्याच वाटेनं परत गेली. दोनदा गेली, दोनदा आली. ती काय शोधत होती ते थोरल्याला माहीत होतं. एक जागा शोधत होती, जिथं एक संपून दुसरं सुरू होतं.

"इथं एकच आहे," आई म्हणाली. "थोरला कुठं गेला?"

इथंच आहे आई, असं थोरला म्हणाला. धाकट्याचे ओठ त्याच वेळी हलले. आईनं मान तिरकी करून ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"आता कसा भरीव आवाज आला," ती म्हणाली. शिवण असायला हवी होती तिथून तिनं पुन्हा एकदा बोट नेलं. "आणि टाका लागत नाही हाताला. वडील असते तर खूश झाले असते."

तिनं धाकट्याच्या कुशीवर दोनदा थोपटलं. दोन्ही थापा थोरल्याला स्वतःच्या बरगड्यांवर लागल्या.

"भरली," आई म्हणाली.